पंप स्टार्टरची पुस्तिका कोणत्या मार्कअपमध्ये लिहायची?

मोबाइलवरून चालू-बंद होणाऱ्या पंप स्टार्टरची पुस्तिका वर्डमध्ये होती. सिंगल फेज आणि थ्री फेज अशी दोन मॉडेलं, इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषा, म्हणजे चार फाइली. थ्री फेजला फेजचा क्रम उलटला तर मोटर थांबवणारं संरक्षण, सिंगल फेजला कपॅसिटरची जोडणी. एवढे फरक सोडले तर बाकीचा मजकूर एकच. ओव्हरलोडच्या सेटिंगमधला एक आकडा बदलला की तो चारही फाइलींत बदलायचा, आणि एखाद्या फाइलीत राहून गेला तर शेतावरचा वायरमन जुन्याच आकड्यावर सेटिंग करणार. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींत, गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवायचा आणि त्या एकाच मूळ प्रतीतून वेबपानं आणि छापायची पीडीएफ काढायची, यावर आमच्यात मतभेद नव्हता. मार्कअप, म्हणजे साध्या मजकुरात ठळक, यादी, शीर्षक यांच्या खुणा करायची पद्धत, कोणतं घ्यायचं, यावर होता.

तुलनेचे तयार तक्ते इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत. ते बहुतेक इंग्रजी मजकूर गृहीत धरून केलेले असतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतो, मात्रा हे युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह असतं, आणि पीडीएफ काढताना जोडाक्षर कुणीतरी जुळवावं लागतं. यातलं काहीच त्या तक्त्यांत नसतं, आणि आमची निवड मुख्यतः यावरच ठरली.

काही उमेदवार लवकर बाद झाले. डिटा हे ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २००५ पासूनचं मानक. संकल्पना, कृती आणि संदर्भ असे विषयांचे प्रकार त्यात आखून दिलेले आहेत, मजकुराचा पुनर्वापर पक्का आहे. पण ते एक्सएमएल आहे, म्हणजे सगळं टॅगांमध्ये लिहायचं. चांगला एक्सएमएल संपादक आणि तो वापरायला शिकलेला माणूस नसेल तर ते अंगावर येतं. डझनभर मॉडेलं आणि आठ-दहा भाषा असत्या तर आम्ही तिकडेच गेलो असतो. डॉकबुकची गोष्ट तीच. १९९१ पासून चालत आलेली ही भाषा भक्कम आहे, पण विद्युत अभियंत्याने हाताने टॅग लिहायचे म्हटल्यावर तो पुन्हा वर्ड उघडतो. लाटेक या छपाईच्या मांडणीच्या भाषेतून पीडीएफ देखणी निघते. वेबपानं काढायला मात्र वेगळी कसरत.

उरले तिघं. मार्कडाउन, जॉन ग्रुबरने २००४ मध्ये आणलेलं, आज सगळ्यांना थोडंफार येणारं. रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट, ज्यावर २००८ पासून पायथॉनची अधिकृत कागदपत्रं स्फिंक्स या पानं बांधणाऱ्या साधनाच्या साहाय्याने उभी आहेत. लिनक्स कर्नलनेही २०१६ मध्ये डॉकबुक सोडून हाच रस्ता धरला. आणि आस्कीडॉक, स्टुअर्ट रॅकहॅम यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं, आता मुख्यतः आस्कीडॉक्टर या रुबीतल्या प्रोग्रामवर चालणारं. गिटची स्वतःची मदत-पानं आस्कीडॉकमध्येच लिहिलेली आहेत.

तपासायला सोपी दहा पानं घेण्यापेक्षा पुस्तिकेतलं सगळ्यात त्रासदायक एक पान घ्यावं. आम्ही घेतलं त्यात बारा पायऱ्या होत्या. दहाव्या पायरीच्या पोटात फोटो, त्याखाली विजेच्या धक्क्याचा इशारा, ठळक छापलेली बटणांची नावं प्रत्ययांसकट, एसएमएसने पाठवायचे कोड, खाली बिघाडांचा तक्ता ज्यात काही चौकटी एकत्र केलेल्या, आणि फक्त थ्री फेजसाठी असलेला एक परिच्छेद. हे पान तिन्ही मार्कअपमध्ये लिहून काढलं.

पहिली ठेच प्रत्ययाला लागली. ‘सेव्हवर दाबा’ यात ‘सेव्ह’ ठळक हवं, ‘वर’ नको. मार्कडाउनमध्ये दोन्ही बाजूंना चांदण्या लावून **सेव्ह**वर लिहिलं की नीट चालतं. अधोरेषा वापरून __सेव्ह__वर लिहिलं की चालत नाही, कारण शब्दाच्या मधली अधोरेषा कॉमनमार्कच्या (मार्कडाउनच्या प्रमाणित रूपाच्या) नियमात खूण धरली जात नाही. खरी खोच पुढे आहे. बटणाचं नाव अवतरणात घालून **‘सेव्ह’**वर लिहिलं की चांदण्या जशाच्या तशा छापून येतात. बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्यानंतर मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह असावं लागतं. अक्षर आलं की खूण बंद झाली असं धरत नाहीत. ‘स्टार्ट (हिरवं)’ अशा कंसात संपणाऱ्या नावाचंही तेच. उपाय सोपा आहे, अवतरण बाहेर आणि चांदण्या आत: ‘**सेव्ह**’वर. फक्त तो प्रत्येक लिहिणाऱ्याला माहीत हवा, कारण मार्कडाउन इथे कुठलाही इशारा देत नाही.

रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये साधं **सेव्ह**वर हेसुद्धा चालत नाही. खूण संपल्यावर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवंच, नाहीतर सुरुवातीची खूण सापडली पण शेवटची नाही अशी तक्रार येते. निदान तक्रार तरी येते, हे बरं. उपाय म्हणजे मध्ये उलटी तिरपी रेघ आणि एक जागा: **सेव्ह**\ वर. छापताना दोन्ही गळून पडतात. पण मराठीत दर दुसऱ्या वाक्यात ठळक शब्दाला प्रत्यय लागतो, आणि पानभर उलट्या रेघा पेरल्या की मूळ फाइल वाचायला कटकट होते. डॉकयुटिल्स या रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये हा नियम सैल करणारी एक सेटिंग आहे. शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या भाषांसाठी ती आहे, पण मराठीलाही लागू पडते. ती चालू केली की फाइलींच्या नावांतल्या अधोरेषाही खुणा समजल्या जाऊ लागतात, म्हणजे एक काटा काढून दुसरा घालायचा.

आस्कीडॉकमध्ये एक चांदणी शब्दाच्या सीमेवर चालते, दोन चांदण्या कुठेही चालतात. म्हणजे *सेव्ह* दाबा, पण **सेव्ह**वर दाबा. प्रत्यय लागला की दोन, एवढा एकच नियम. शिवाय बटणासाठी वेगळा मॅक्रो (तयार आज्ञा) आहे. तो चौकटी कंसाने संपतो, त्यामुळे पुढे प्रत्यय लावायला अडचणच येत नाही आणि सगळ्या बटणांचं रूप स्टाइलशीटमधून एकदम बदलता येतं. हा मॅक्रो चालायला फाइलीच्या डोक्यावर प्रायोगिक सुविधांचं अ‍ॅट्रिब्यूट (नाव देऊन ठेवलेलं मूल्य) लावावं लागतं, ते विसरलं की मॅक्रो साधा मजकूर म्हणून छापला जातो.

एसएमएसच्या कोडांनी मात्र आस्कीडॉकचीच परीक्षा घेतली. कोडात चांदणी आणि हॅश असतात. आस्कीडॉकमध्ये चांदणी म्हणजे ठळक आणि हॅश म्हणजे हायलाइट, आणि कोडासाठीच्या उलट्या टिंबांत (` या बॅकटिक चिन्हांत) घातलेल्या मजकुरावरही या खुणा लागू होतात. चांदण्यांची जोडी खूण म्हणून धरली गेली की मधला मजकूर ठळक आणि दोन्ही चांदण्या गायब. वायरमनने तो कोड तसाच पाठवला तर स्टार्टर ढिम्म. उलट्या टिंबांच्या आत अधिकची चिन्हं लावून `+*१२*५#+` असं लिहिलं की आतलं काहीच बदलत नाही. मार्कडाउनमध्ये उलट्या टिंबांतलं मुळातच जसंच्या तसं राहतं; या एका बाबतीत ते उजवं आहे.

पायऱ्यांकडे येऊ. मराठी आकड्याने ‘१.’ अशी सुरुवात केली तर कॉमनमार्क, रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि आस्कीडॉक यांपैकी कुणीही तिला यादी मानत नाही. फक्त इंग्रजी आकडे ओळखले जातात. मराठी आकडे असले तर सगळ्या पायऱ्या एका परिच्छेदात एकापुढे एक चिकटून येतात. मूळ फाइलीत इंग्रजी आकडे लिहायचे (आस्कीडॉकमध्ये नुसतं टिंब पुरतं) आणि देवनागरी आकडे सीएसएसमधल्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटमधल्या) यादीच्या शैलीतून आणायचे.

पायरीच्या पोटातला फोटो हा मार्कडाउनचा जुना दुखणाईत भाग. कॉमनमार्कप्रमाणे पोटातला मजकूर पायरीच्या पहिल्या अक्षराच्या खाली यायला हवा: एक अंकी आकड्याला तीन जागा, दोन अंकी आकड्याला चार. नऊ पायऱ्या ठीक दिसतात आणि दहावीचा फोटो यादीबाहेर पडतो तो यामुळे. एमकेडॉक्स हे वेबसाइट बांधणारं साधन ज्या पायथॉन-मार्कडाउनवर चालतं, त्याला पहिल्यापासून चारच जागा लागतात. म्हणून गिटहबवर बरोबर दिसणारं पान तिथे तुटतं. ‘मार्कडाउन सगळीकडे चालतं’ म्हणणाऱ्यांनी कोणतं मार्कडाउन ते सांगावं. आस्कीडॉकमध्ये जागा मोजायच्या नसतात. पायरी आणि फोटो यांच्यामधल्या ओळीवर एकटं अधिकचं चिन्ह टाकायचं. ते विसरलं तर पुढची पायरी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणजे चूक लगेच डोळ्यांत भरते.

तक्त्यावर फार वेळ गेला नाही. बिघाडाच्या तक्त्यात एका बिघाडाला तीन कारणं, म्हणजे डावीकडची चौकट तीन ओळी उंच. गिटहबच्या धाटणीच्या मार्कडाउनमध्ये चौकटी एकत्र करता येत नाहीत, चौकटीत यादीही घालता येत नाही. कच्चं एचटीएमएल लिहायला लागतं. रिस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या रेघांनी आखलेल्या तक्त्यात ते जमतं, पण त्याच्या उभ्या रेघा एकाखाली एक यायला हव्यात, आणि देवनागरीत अक्षराची रुंदी आणि युनिकोडची मोजणी जुळत नाही. दिसायला सरळ असलेला तक्ता प्रोग्रामला वाकडा वाटतो. शीर्षकाखालच्या रेघेचंही असंच. ‘स्टार्टरची जोडणी’ डोळ्यांना सात अक्षरं आणि एक जागा. डॉकयुटिल्सच्या हिशेबात हलन्त वगळला जातो पण मात्रा मोजल्या जातात, त्यामुळे रेघ चौदा चिन्हांची लागते. कमी पडली की इशारा. रेघ जास्त लांब असलेली चालते, म्हणून सरसकट चाळीस चिन्हं टाकणं बरं. आस्कीडॉकमध्ये चौकटीच्या आधी किती ओळी व्यापायच्या तो आकडा लिहिला की झालं, आखणी नाहीच.

शीर्षकांचे दुवे हा पुढचा अडथळा, आणि तो महिन्याभराने कळतो. प्रत्येक शीर्षकापासून प्रोग्राम आपोआप एक ओळख तयार करतो, तिच्यावर बाहेरून दुवे दिले जातात. डॉकयुटिल्स लॅटिन नसलेली अक्षरं टाकून देतं. सगळं शीर्षक मराठी असेल तर काहीच उरत नाही आणि ओळख म्हणून नुसता क्रमांक लागतो. वर एक नवं शीर्षक घातलं की खालचे क्रमांक सरकतात आणि कस्टमर केअरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दुवा भलत्याच विभागात उघडतो. पायथॉन-मार्कडाउनही मुळात हेच करतं. त्यात युनिकोडचा पर्याय आहे, पण पायथॉनच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधण्याच्या पद्धतीत) मात्रा ‘शब्दातलं अक्षर’ धरली जात नाही, म्हणून ‘जोडणी’ची ओळख ‘जडण’ होते. आस्कीडॉक्टर रुबीवर चालतं, तिथे मात्रा शाबूत राहतात. तरीही आम्ही प्रत्येक शीर्षकाला हाताने लॅटिन अक्षरांतली छोटी ओळख दिली. ‘जोडणी’ युनिकोडमध्ये पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट. दुवा कॉपी केला की तो टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेला पंचेचाळीस चिन्हांचा होतो. एसएमएसमध्ये असला दुवा पाठवायचा नाही. फाइलींची नावंही लॅटिन ठेवावीत, नाहीतर गिटच्या यादीत नावाऐवजी आकड्यांची माळ दिसते.

मात्रेचा हाच घोळ शोधातही आहे. स्फिंक्सच्या शोधात ‘जोडणी’चे मात्रेपाशी तुकडे पडून ‘ज’ आणि ‘डण’ असे वेगळे शब्द झालेले दिसले. एमकेडॉक्समागचं ल्युनर हे शोधाचं साधन मूळ इंग्रजी सेटिंगवर शब्दाच्या दोन्ही टोकांची लॅटिन नसलेली अक्षरं छाटतं, म्हणजे मराठी शब्द पूर्णच छाटला जातो आणि शोध रिकामा येतो. मराठी साइट निवडताना शोधाच्या चौकटीत मात्रा असलेला एक शब्द टाकून बघणं ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे. ती कुणी करत नाही.

आतापर्यंत आस्कीडॉक पुढे होतं. पीडीएफने ते जवळजवळ बाद केलं. आस्कीडॉक्टरचा नेहमीचा पीडीएफ काढणारा जोडप्रोग्राम प्रॉन या रुबी लायब्ररीवर आहे आणि प्रॉनला देवनागरीची अक्षरजुळणी येत नाही. फॉन्ट कितीही चांगला द्या, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, रफार सुटा होतो, जोडाक्षरं हलन्तासकट फुटतात. ही फॉन्टची चूक समजून लोक फॉन्ट बदलत बसतात. त्याचा उपयोग नाही.

रस्ता बदलला. आस्कीडॉकमधून एचटीएमएल काढायचं आणि ते वीझीप्रिंट या एचटीएमएलची पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रामला द्यायचं. वीझीप्रिंट मजकूर पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीमार्फत मांडतं, त्यामुळे जोडाक्षरं बरोबर येतात. अनुक्रमणिकेत पानांचे क्रमांकही सीएसएसमधून घालता येतात. ते जावास्क्रिप्ट चालवत नाही, म्हणून आकृत्या आधीच एसव्हीजी करून ठेवाव्या लागतात. छपाई ए५ आकाराची, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त. इंग्रजीच्या अंतरावर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना घासतात. आणि फाइलीची भाषा मराठी म्हणून नोंदवायलाच हवी. नोटो सान्स देवनागरीत ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली आहेत, भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणाचा ‘ल’ छापला जातो आणि वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटत राहतं. ‘टीप’, ‘इशारा’, ‘सावधान’ ही चौकटींची नावंही अ‍ॅट्रिब्यूटमधून मराठी करून घ्यायची, आपोआप इंग्रजी येतात.

स्फिंक्सच्या बाजूनेही हे जमलं असतं: इंजिन झीलाटेक (युनिकोड जाणणारं लाटेक) करायचं आणि फॉन्टला देवनागरी लिपी स्पष्ट सांगायची. पीडीएफ एवढाच निकष असता तर स्फिंक्स जिंकलं असतं.

दोन मॉडेलांच्या फरकाने निकाल आस्कीडॉकच्या बाजूने लावला. मार्कडाउनच्या गाभ्यात दुसरी फाइल आत घेण्याची किंवा अटीवर मजकूर दाखवण्याची सोयच नाही. प्रत्येक साधन आपापली जोड देतं आणि साधन बदललं की ती जोड गेली. आस्कीडॉकमध्ये दोन्ही भाषेचाच भाग आहेत. थ्री फेजचा परिच्छेद अटीच्या दोन ओळींमध्ये ठेवला, बांधताना मॉडेलचं अ‍ॅट्रिब्यूट दिलं की योग्य पुस्तिका निघते. बारकावा मराठीचा आहे. मॉडेलचा क्रमांक अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवणं ठीक, पण सामान्य नाम ठेवू नये. इंग्रजीत ‘बटण’च्या जागी ‘स्विच’ टाकलं तर वाक्य तसंच राहतं. मराठीत ‘बटण’ला प्रत्यय लावताना ‘बटणा’ होतं, ‘पंखा’चं ‘पंख्या’ होतं. अ‍ॅट्रिब्यूटच्या पुढे प्रत्यय जोडला की ‘पंखाला’ छापून येतं. अशी वाक्यं प्रत्येक मॉडेलसाठी पूर्ण वेगळी लिहावीत.

गिटहब आस्कीडॉक फाइली दाखवतं, पण आत घेतलेल्या फाइली उलगडत नाही, फक्त दुवा दाखवतं. तिथे पान अर्धवट दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. तपासणी बांधलेल्या पानावरच करायची.

भाषांतरासाठी पीओफोरए हे साधन वापरलं. इंग्रजी मूळ, त्यातला प्रत्येक परिच्छेद पीओ फाइलीत (मूळ आणि भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फाइलीत) एक नोंद, भाषांतर करणारा त्याच्या ओळखीच्या संपादकात काम करतो. आत घेतलेल्या फाइली ते स्वतः शोधत नाही, प्रत्येक फाइल यादीत नोंदवावी लागते. ऐंशी टक्क्यांहून कमी भाषांतर झालेली फाइल ते मुळात तयारच करत नाही. मर्यादा बदलता येते, पण माहीत नसेल तर मराठी पान गायब का झालं हे शोधण्यात वेळ जातो. इंग्रजी वाक्य बदललं की जुनं मराठी वाक्य संशयित ठरतं आणि पुन्हा तपासेपर्यंत त्या जागी इंग्रजीच छापलं जातं. मराठी पुस्तिकेत मध्येच इंग्रजी परिच्छेद बरा दिसत नाही. जुना चुकीचा ओव्हरलोड आकडा मराठीत छापण्यापेक्षा तो परवडतो, म्हणून ही वागणूक आम्ही बदलली नाही.

जुना मजकूर आणताना पँडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने वर्डमधून थेट आस्कीडॉक काढून दिलं. शीर्षकं वर्डच्या शैली वापरून केली असतील तरच ती शीर्षकं म्हणून येतात. नुसता फॉन्ट मोठा आणि ठळक केलेला असेल तर ठळक परिच्छेद हाती लागतो. आधी वर्डमध्ये शैली लावून घेणं, मग पँडॉक, हा क्रम वेळ वाचवतो. मराठी फाइल शिवाजीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर पँडॉकमधून इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर हवं, आणि त्यानंतर रफार, वेलांटी आणि ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासावे लागतात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ, हलन्त, य, दुसऱ्यात र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य. दिसायला सारखेच, शोधात वेगळे. एक छोटी स्क्रिप्ट दुसऱ्या प्रकाराचा पहिला करते. ती गिटमध्ये बदल नोंदवण्याच्या (कमिटच्या) आधी आपोआप चालावी.

लिहिण्याची एकच शिस्त लावली: एका ओळीत एक वाक्य. छापताना परिच्छेद एकसंधच येतो, पण गिटमध्ये कोणतं वाक्य बदललं ते नेमकं दिसतं. बांधताना आस्कीडॉक्टरला इशाऱ्यालाही अपयश मानायला सांगितलं आहे, म्हणजे आत घ्यायची फाइल सापडली नाही तर पीडीएफ तयारच होत नाही. प्रोग्रामरांच्या टिपणांसाठी आणि गिटच्या पहिल्या पानासाठी मार्कडाउन तसंच ठेवलंय. तिथे दोन मॉडेलं नाहीत, छपाई नाही, आणि एका पानासाठी कुणाला नवी भाषा शिकवण्यात अर्थ नाही.